मेकओव्हरचा सिनेमा आणि आमच्या भिशीतलं भांडण

पार्लरवाली_नंदनवन

नमस्कार. मी इथं रोज वाचते, लिहायची ही पहिलीच वेळ, सांभाळून घ्या. नागपूरच्या नंदनवनात माझं पार्लर आहे. घराच्याच पुढच्या खोलीत, दोन खुर्च्या, एक बेसिन, एक कूलर. 18 वर्षं झाली.

गेल्या शनिवारी आमच्या स्कीममधली, म्हणजे आमच्या फ्लॅटच्या बिल्डिंगमधली, भिशी माझ्याकडे होती. 11 जणी. दरवेळी तंबोला खेळून सगळ्या कंटाळलेल्या, म्हणून माझी भाची म्हणाली, मावशी, सिनेमाच लावू, तुझ्याच धंद्यातला आहे. आणि तिनं तो सँड्रा बुलकचा 2000 सालचा 'मिस कन्जिनिॲलिटी' लावला. धडाधड इंग्रजी कळणाऱ्या आमच्यात दोघीच, त्यामुळे भाची मधे मधे थांबवून मराठीत सांगत होती. या थांबवण्यानंच अर्धी मजा आली.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ग्रेसी हार्ट नावाची बाई एफबीआयमध्ये आहे. केसांना कंगवा लावायचा आळस, तोंडात घास असताना बोलणार, आणि हसली की नाकातून डुकरासारखा आवाज काढणार. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोला सौंदर्यस्पर्धा आहे आणि तिथं बॉम्ब फोडायची कुणीतरी धमकी दिलेली आहे. मग हिलाच स्पर्धक बनवून आत घुसवतात. तिला माणसात आणायला व्हिक्टर मेलिंग नावाचा एक गुरू बोलावतात, ते काम मायकेल केननं केलंय. विमानाच्या हँगरमध्ये रात्रभर तिच्यावर माणसं तुटून पडतात, आणि सकाळी बाईसाहेब अंगाला चिकटलेल्या ड्रेसमध्ये केस उडवत बाहेर येतात. सगळे पुरुष आ वासून बघतायत, आणि चार पावलं टाकली नाही तोच ही धाडकन पडते.

आणि तो 25 एप्रिलचा प्रसंग. एका भाबड्या स्पर्धक पोरीला स्टेजवर विचारतात, तुझी आदर्श डेट कशी असेल? ती म्हणते 25 एप्रिल, कारण तेव्हा फार गरम नसतं, फार थंड नसतं, हलकं जॅकेट घातलं की झालं. भाची बिचारी समजावून सांगते आहे की डेट म्हणजे फिरायला जाणं, आणि हिला वाटलं तारीख. पण तोवर ऐकतंय कोण! 25 एप्रिलला जॅकेट? आपल्याकडे तेव्हा पारा 42-43 ला टेकलेला असतो, डांबर चपलेला चिकटतं. शब्दाची गंमत कोणाला कळली नाही, जॅकेटची सगळ्यांना कळली. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी पदर तोंडात कोंबून हसत होत्या.

भांडण नंतर झालं, आलूबोंडे आणि पन्ह्याच्या वेळी. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू शाळेत शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. त्या म्हणाल्या, यात हसण्यासारखं काय आहे? चांगली हुशार बाई, कामात तरबेज. तिला सोलून तासून चकचकीत केली तेव्हा कुठं तिच्या बरोबरच्या माणसाला ती दिसली. म्हणजे आधी काय ती भिंत होती? त्यावर समोरच्या फ्लॅटमधली नवी सून म्हणाली, काकू, गमतीचा सिनेमा आहे हो, माझं तर पोट दुखलं हसून. काकू म्हणाल्या, तुम्हाला हसवून हसवूनच फसवतात. सून गप्प झाली, पण तिचं तोंड पडलं. आणि मग दोघी माझ्याकडे वळल्या. तू सांग, तुझं तर पोटच यावर चालतं.

मी बोंडे करपताहेत म्हणून स्वयंपाकघरात पळाले. करपत नव्हते.

आता माझं सांगते. धंद्याच्या नजरेनं पाहिलं तर तो हँगर म्हणजे निव्वळ थाप. वॅक्स, भुवया, केस, दात, सगळं एका रात्रीत आणि सकाळी तोंडावर एक लाल ठिपका नाही! मी नवरीचं वॅक्स कार्याच्या दोन दिवस आधी करते. त्याच दिवशी केलं तर हातावर पुरळ उठतं आणि त्यावर मेकअप बसत नाही, नुसता तरंगतो. मे महिन्यातली नवरी असेल तर बेस लावायच्या आधी मी कूलरच बंद करते. सगळे ओरडतात, पण कूलरच्या ओल्या हवेत बेस सेट होत नाही, साबणासारखा सरकतो. टेबलफॅन लावायचा, मलमलच्या कपड्यात बर्फ बांधून तोंडावरून फिरवायचा, टिपायचं, मग पातळ थर. तो सुकेपर्यंत थांबायचं, मग दुसरा. नवरीची आई दर पाच मिनिटांनी दारातून विचारते, झालं का. हा थांबायचा वेळ सिनेमात कधीच नसतो.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते व्हिक्टरचं. भिशीत कोणी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. त्याची आधीची एक स्पर्धक त्याच्याच पद्धतीबद्दल वाईट बोललेली असते आणि त्यात त्याचं नाव गेलेलं असतं. मी ते ऐकून नीट सावरून बसले. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक नवरी आली होती. गव्हाळ रंग, फार गोड चेहरा. तिच्या आईचं म्हणणं, दोन शेड गोरी करा. मी नाही म्हटलं, तिच्या रंगाचाच बेस छान दिसेल म्हटलं. आई ऐकेना, पोरगी मान खाली घालून बसलेली. शेवटी मी केलं. फोटोत चेहरा एकीचा आणि हात दुसरीचे. पुढल्या आठवड्यात माझ्या पेजवर एकच तारा आणि खाली असलं काही लिहिलेलं की ते इथं लिहवत नाही. त्या मोसमात 14 ऐवजी 5 नवऱ्या झाल्या.

तर प्रश्न असा. तुम्ही हा सिनेमा पाहिला असेल, किंवा असला दुसरा कुठला, तर तुम्हाला काय वाटलं? काकू बरोबर की सून? मला दोघी बरोबर वाटतात आणि म्हणूनच मी पळाले.

तर्री_जास्त

ताई, सून बरोबर. काकूंना माझा नमस्कार सांगा, पण सून बरोबर.

मी हा सिनेमा हॉस्टेलवर पाहिला होता, पाच जणांनी एका लॅपटॉपवर. पोट्ट्यांना वाटलं होतं का स्पर्धा आहे तर भलतंच काही दिसन, आणि निघाली ही पडणारी झडणारी बाई. सगळ्यात भारी सीन म्हणजे सगळ्या पोरी 'जगात शांतता हवी' म्हणून टाळ्या घेतात, आणि ही सांगते का पॅरोल मोडणाऱ्यांना कडक शिक्षा पाहिजे. सगळा हॉल चिडीचूप. मग नाईलाजानं शेवटी जोडते, आणि हो, शांतता पण. एवढं एक वाक्य जोडलं का टाळ्या सुरू! इंटरव्ह्यूत मी हेच करतो बे.

मेकओव्हर म्हणाल तर माझाच झालाय. नोकरीला पुण्यात आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात टीममधल्या एकीनं विचारलं, 'करून राहिलो' म्हणजे काय? करून कुठं राहिलास? सगळे हसले. मी पण हसलो. सहा महिन्यांत मी 'करतोय', 'जातोय' बोलाले लागलो. आता घरी फोनवर आईशी बोलताना चुकून 'मी जेवतोय' म्हटलं तं आई म्हणे, कोण बोलून राह्यलं?

पण राग नाही बरं का. ग्रेसी पण सिनेमाभर तेच करते, स्टेजवर एक चाल आणि खोलीत तिची जुनी. माझ्या दोन्ही चाली शाबूत आहेत.

खाकी_निवृत्त

मी पोलीस खात्यात 31 वर्षं होते, सगळी नोकरी नागपूर जिल्ह्यात. त्यामुळे माझं मत वेगळं पडेल.

साध्या वेशातली ड्युटी मी भरपूर केली. इतवारीच्या गर्दीत साखळीचोरांवर, मारबतीच्या मिरवणुकीत, दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक येतात तेव्हा. सिनेमा पाहताना मला हसू आलं ते याचं की आमच्याकडे मेकओव्हर करायचा तो कोणाच्या नजरेत भरू नये म्हणून. बाईनं बाईसारखं दिसायचं, पण अशी की तुम्ही तिला पाहिलं आणि विसरलात. तिथं सगळ्यांच्या नजरा खेचून काम करायचं. उलटंच गणित आहे, पण सुचलं छान त्यांना.

एक गोष्ट मात्र शंभर टक्के खरी दाखवली आहे, ती म्हणजे चाल. व्हिक्टर तिला आधी चालायला शिकवतो. आम्ही जरीकाठी साडी नेसलो, हातात भाजीची पिशवी घेतली, टिकली लावली, तरी चोर ओळखायचे. का? परेडची सवय. टाच आपटत चालणार, खांदे ताठ, आणि बसलो तरी पाठ भिंतीला. एका मुरलेल्या पाकीटमार बाईनंच मला ठाण्यात सांगितलं होतं, मॅडम, साडी चांगली आहे, पण चपलेचा आवाज बुटाचा येतो. त्या दिवसापासून मी घरात पाय घासत चालायची सवय केली. नवरा म्हणायचा, गुडघे दुखताहेत का?

स्टेजवर ती स्वसंरक्षणाचे चार ठोके दाखवते. पोटाचा खळगा, पावलाची वरची बाजू, नाक, आणि शेवटचं, जिथं लागलं की माणूस खाली बसतो. इंग्रजीत चारांची आद्याक्षरं जोडून लक्षात ठेवायला एक शब्द केला आहे. शाळांमध्ये मुलींना आम्ही जवळपास हेच शिकवायचो. फक्त चौथं सांगताना मुख्याध्यापक खोकायचे.

त्या काकूंना सांगा, ग्रेसी शेवटपर्यंत पोलीसच राहते. तिला माघारी बोलावतात तरी ती तिथंच थांबते, हे मला पटलं. माझ्या दृष्टीनं सिनेमा पास.

तिसरी_घंटा

मी काकूंच्या बाजूनं. पण कारण वेगळं.

या सगळ्या मेकओव्हर सिनेमांची आजी म्हणजे बर्नार्ड शॉचं 'पिग्मॅलियन' हे नाटक, 1913 सालचं. आपल्याकडे पुलंनी त्याची 'ती फुलराणी' केली, 1975 साली, आणि भक्ती बर्वे यांनी मंजुळा अशी उभी केली की आजही नाटकाचं नाव काढलं की आधी त्यांचाच आवाज आठवतो. मी नंतरच्या एका संचाचा प्रयोग आपल्या देशपांडे सभागृहात पाहिला, तरी लोक खुर्चीतून पुढं सरकून बसले होते. तिथं प्राध्यापक मंजुळेची भाषा घासून पुसून स्वच्छ करतो, पण आता या मुलीनं जायचं कुठं, हा प्रश्न नाटक सोडत नाही. फुलं विकायला परत जाता येत नाही आणि वरच्या लोकांत तिची जागा नाही. तो काटा आहे, म्हणून ते नाटक टिकलं. (तर्री_जास्त, तुमच्या आईचं ते 'कोण बोलून राह्यलं' याच काट्याचं आहे, तुम्ही हसण्यावारी नेलंत.)

'मिस कन्जिनिॲलिटी'त हा काटाच काढून टाकला आहे. पहिला अर्धा भाग सौंदर्यस्पर्धांची टर उडवतो. दुसऱ्यात ग्रेसी स्टेजवर उभी राहून कबूल करते की आपण या मुलींना उगाच कमी लेखत होतो. दोन्ही बाजूंच्या टाळ्या घ्यायच्या. गुन्हेगार कोण हे तर अर्ध्या तासात कळतं. आणि तो ग्रेसीच्या बरोबर काम करणारा एरिक, बेंजामिन ब्रॅटनं केलेला, ज्याला ड्रेस घातल्यावर बाई दिसते, त्याला नायक म्हणायचं? तिकीटबारीवर मात्र धो धो. साडेचार कोटी डॉलरचा सिनेमा जगभरात 21 कोटींच्या वर गेला. 2005 मध्ये दुसरा भाग काढला, त्यात केनही नाही आणि ब्रॅटही नाही. तो पाहू नका, भिशी मोडेल.

एक गोष्ट कबूल करतो. शिकवणारा आणि प्रेम करणारा ही माणसं इथं वेगळी ठेवली आहेत. व्हिक्टरला ग्रेसीकडून काही नको आहे, त्याला त्याचं काम नीट झालेलं बघायचं आहे. त्या दोघांचे प्रसंग आले की सिनेमा खरोखर चांगला होतो. केनच्या चेहऱ्यावर जो कंटाळा आणि जी काळजी एकाच वेळी असते, ती पाहायला मी पुन्हा बसेन. पण बाकीचं पुढं ढकलत.

संत्रागोळी

मला बोअर झालं. आजच्या पोरींना चष्मा काढून, केस सरळ करून सुंदर झालेली बाई दाखवली तर त्या म्हणतील, आधीचीच बरी होती. माझी 15 वर्षांची मुलगी दहा मिनिटांत उठून गेली.

पण हेही खरं की तो काळच तसा होता. 2000 मध्ये लारा दत्ता मिस युनिव्हर्स, प्रियांका चोप्रा मिस वर्ल्ड, दिया मिर्झा मिस एशिया पॅसिफिक, सगळं एकाच वर्षी. आमच्या कॉलनीत प्रत्येक मुलगी डोक्यावर पुस्तक ठेवून गच्चीवर चालायची. मी पण. शिवणकामाचं जाड पुस्तक होतं आईचं.

पार्लरवाली_नंदनवन

अरे बापरे, एवढं लिहिलंत सगळ्यांनी. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा खुर्चीत बसून दोनदा वाचलं.

संत्रागोळी ताई, मी कोर्स केला तो त्याच लाटेत. आमच्या बॅचला 40 मुली होत्या, शिकवणाऱ्या मॅडम म्हणायच्या, घराघरातून मिस वर्ल्ड निघणार आहे, तुम्हाला मरायला फुरसत मिळणार नाही. मिस वर्ल्ड काही निघाली नाही, पण थ्रेडिंगनं घर चाललं.

तिसरी घंटा, व्हिक्टरबद्दल लिहिलंत ते वाचून बरं वाटलं. त्याला काही नको आहे, हे मला शब्दांत सांगता येत नव्हतं.

खाकी मॅडम, तुमच्यासाठी एक गोष्ट. माझ्याकडे एक पोरगी येते, पोलीस भरतीची तयारी करते. रोज पहाटे रेशीमबागच्या मैदानावर 800 मीटर धावते, चार किलोचा गोळा फेकते. उन्हानं कपाळ काळं, मानेवर टी-शर्टच्या कॉलरची रेघ. फेब्रुवारीत तिला पाहायला स्थळ येणार होतं. आई घेऊन आली, म्हणाली, जरा माणसात आणा हिला. हुबेहूब तुमचा तो सिनेमा. मी पोरीला खुर्चीत बसवलं, मान मागं घेतली, टॉवेल गुंडाळला. आई बाहेर चहा प्यायला गेली तशी पोरगी डोळे मिटूनच म्हणाली, "मावशी, ओळखू येईन इतकंच कर."

मी भुवया केल्या, त्याही जाड ठेवून, फक्त मधले केस काढले. ती रेघ झाकायला मी ब्रश उचलला होता, तो खाली ठेवला. तिच्याच रंगाचा हलका बेस, काजळ, बस. 20 मिनिटांचं काम. आई आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, सुरू कधी करणार?

ते स्थळ काही जमलं नाही. आईनं दोन महिने माझ्याशी बोलणं टाकलं, समोरून गेली तरी स्कूटी थांबवत नव्हती. पोरगी येते पण. परवाच आली होती, गोळा साडेसहा मीटरच्या पुढं जातोय म्हणून सांगत होती, आणि भुवया वाढल्यात म्हणून.

हे मी त्या दिवशी भिशीत सांगायला हवं होतं काकूंना आणि सुनेलाही. बोंडे तळत बसले.

खाकी_निवृत्त

साडेसहा चांगला आहे, पण तिथं थांबू नको म्हणावं. तिला सांगा, गोळा फेकताना मनगट आणि दंड नाही, ढकल पायातून आणि कमरेतून यायला हवी. माझ्याकडे पाठवा, मी मानेवाड्याला राहते, सकाळी मोकळीच असते.

तर्री_जास्त

ताई, दिवाळीत घरी येऊन राहिलो. जेन्ट्सच्या भुवया करता का?

पार्लरवाली_नंदनवन

करत नाही, पण तुमच्या करीन. मंगळवारी बंद असतं. दुपारी 1 ते 4 येऊ नका, तेव्हा मी झोपते.